दरसाल एकेक सरी

जानेवारी लागला की नगर रस्त्याला दुतर्फा हुरडा पार्टीचे फलक लागतात. फलकावर एक कोवळं कणीस, एक मडकं आणि फेटा बांधलेला एक हसरा म्हातारा. त्या म्हाताऱ्यानं जन्मात कधी ज्वारी राखलेली नसावी. दात फार चांगले आहेत त्याचे. माझी भाची मला दरवर्षी तिथं ओढून नेते. तंबूत सतरंज्या, कोपऱ्यात स्पीकर, पुढ्यात द्रोणात हुरडा, शेंगदाण्याची चटणी, गूळ. हुरडा बिघडवून बिघडवून किती बिघडवणार? चांगलाच लागतो. पण गोवरीच्या धुराचा वास आला की माझा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहतो.

तिथं कुणीतरी मला ओळखतंच. बहुधा एखादा निवृत्त इंजिनिअर, नाहीतर त्याची बायको. सरकत सरकत जवळ येतात. "प्रवासवर्णनं लिहिणाऱ्या तुम्हीच ना? काय माणसं उभी करता हो! अगदी डोळ्यांपुढं! कसं जमतं?" माझी उत्तरं तयार असतात. आधी हात बघावेत, मग पायताण. दहा खुणा देऊ नयेत, एकच द्यावी, पण ती बोचेल अशी. गावाचं नाव गाळावं, माणसाचं बदलावं. हे मी शिबिरांत सांगितलंय, सांगून शाली-श्रीफळं घेतलीत. एवढ्या वर्षांत एकानंही विचारलं नाही की बाई, उभ्या केलेल्या माणसांचं पुढं काय झालं?

नव्वदीच्या शेवटाची वर्षं ती. मी शिरूरला ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवत होते. वय चौतीस, बिनलग्नाची, पुण्याची, आणि पुण्याची आहे हे दर दोन वाक्यांनी कळावं अशी बोलणारी. आठवडाभर पोरांना समास शिकवायचे आणि रविवारी मिळेल त्या एसटीत बसायचं. कधी सणसवाडी, कधी कुरकुंभ, कधी चौफुल्यावरून दौंड. पुण्याच्या एका साप्ताहिकात माझं सदर होतं. आसपासच्या भटकंतीचं. देवळं, घाट, नद्या यांत मला काडीचा रस नव्हता. मी माणसं लिहायची.

आणि कशी लिहायची! शिरूर आगाराच्या एका कंडक्टरवर लिहिलं होतं की तिकिटाला भोक पाडताना हा खालचा ओठ असा चावतो, की एक दिवस ओठालाच भोक पडेल आणि हा तो प्रवाशाला फाडून देईल. सणसवाडीला दहा खोल्या भाड्यानं देऊन त्यांच्या तोंडाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसणारी एक बाई होती. युपी-बिहारच्या पोरांवर दिवसभर "पानी सुबे आयेगा, अब्बी नय" असं ओरडायची. तिच्याबद्दल लिहिलं, की हिचं तोंड बघून नळालाही पाझर फुटत नसावा. कुरकुंभच्या केमिकल कंपनीतून पहिली शिफ्ट करून आलेला एक माणूस माझ्या शेजारी बसला, नखं पिवळी पडलेली. मी नाकाला पदर लावला आणि त्या पदरासकट त्याचा वास छापून आणला. संपादकांचं कार्ड आलं, "झकास. अजून थोडं तिखट चालेल."

मला माणसं आवडत नव्हती असं नाही. मला ती लिहायला आवडायची. हा फरक तेव्हा कळत नव्हता अशी थाप मी मारणार नाही.

आबा मला एसटीतच भेटले. घोंगडीत काहीतरी गुंडाळून चढले, माझ्या शेजारी बसले, आणि घोंगडी बेंबटली. आत दोन दिवसांचं कोकरू. कंडक्टर म्हणाला, जनावराचं तिकीट पडेल. आबा म्हणाले, "मांडीवर हाय की. मांडीवरच्या लेकराला कवापासनं तिकीट लागाया लागलं?" सगळी गाडी हसली. मी हसले नाही. मी त्यांचा कान बघत होते. उजव्या कानाची पाळी बाळीच्या ओझ्यानं मधोमध फाटून दोन फाकी झालेली, आणि दोन्ही फाकींत पुन्हा एकेक बाळी घातलेली. मिळालं मला त्या आठवड्याचं. मी त्यांच्याबरोबर त्यांच्याच थांब्यावर उतरले.

गाव घोड नदीच्या काठचं. नाव तेव्हाही लिहिलं नव्हतं, आताही लिहीत नाही. आबा धनगर. बापाच्या काळात मेंढरांचा वाडा कोकणात उतरायचा, आता चार एकर, कांदा, ज्वारी, आणि सवय सुटत नाही म्हणून पस्तीस-चाळीस मेंढरं. बायको वारलेली. घरात एकुलती लेक, मंगल. त्या हिवाळ्यात मी तिथं दर रविवारी जाऊ लागले. ज्वारी चिकात आली होती. आबा शेताच्या कडेला खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायचे, मंगल कणसं भाजून तळहातावर चोळायची आणि गरम दाणे माझ्या ओंजळीत टाकायची. "फुकून खा बाई, तोंड भाजंल." तिच्या हातांना लोकर, धूर आणि ताक असा वास यायचा. तोही मी टिपून ठेवला होता.

एकदा आबांची एक मेंढी चरताना नदीपलीकडच्या दुसऱ्याच कळपात मिसळली. ती आणायला निघाले तेव्हा मीही गेले. तिथं मी असं काही पाहिलं की माझ्या धंद्याचं मूळच मला दिसलं असं वाटलं. त्या कळपाच्या म्हाताऱ्यानं आबांना वाड्याकडं पाठ करून उभं केलं. मेंढरांना नावं नसतात. मग न बघता, आपल्या मेंढीच्या खुणा सांगायच्या. चारजण ऐकायला बसले.

"डाव्या कानाचं टोक कुत्र्यानं तोडल्यालं," आबा म्हणाले. "फुडच्या उजव्या खुराच्या वर पांढरी टिकली. वरडली की आवाज फाटतो. चालताना मान खाली."

"पोटाखाली काय?" म्हाताऱ्यानं विचारलं.

आबांनी पुढंच बघत मान हलवली. मग म्हणाले, "ते ठाव न्हाई. बगितलं न्हाई कवा."

मी मनात म्हटलं, गेली मेंढी. काहीतरी ठोकून द्यायचं होतं की! पण म्हाताऱ्यानं मेंढी धरून पुढं आणली. परतताना आबांनी समजावलं. "ठाव न्हाई म्हनलं तर चालतं बाई. पन येक खून जरी खोटी सांगितली, तर मेंढरू आपलं असलं तरी तितंच सोडायचं. मागं वळून बगायचं न्हाई." मला ते फार आवडलं. मी त्यावर एक अख्खा परिच्छेद लिहिला. लिहिला, छापला, आणि त्यातलं अक्षरसुद्धा स्वतःला लावून घेतलं नाही.

मंगल एकोणीसची. आठवीत शाळा सुटलेली. काळीसावळी, उंच, बोलायला फटकळ. तिची सुपारी फुटली होती. मुलगा दौंडचा, कुरकुंभला कंपनीत परमनंट, बाप रेल्वेतून रिटायर. लग्न वैशाखात. पोरगी हवेत होती. मला विचारायची, "बाई, दौंडला म्हनं दिवसरात गाड्या पळत्यात. झोप लागती का वो मानसांना?" मी म्हटलं, सवय होते. "आन् नळ घरातच असतो म्हनं?" असतो म्हटलं. त्यावर ती उगाचच हसली. तिला नवऱ्यापेक्षा त्या नळाचं अप्रूप जास्त होतं, असं मी लिहिलं. खोटं नव्हतं ते. पण खरं तरी किती होतं?

संक्रांतीच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "बाई, जरा पाणी घाला की डोक्यावर." घरामागं पोत्यांचा आडोसा होता. ती दगडावर पाठमोरी बसली, केस पुढं घेतले, आणि मी तांब्यानं पाणी ओतू लागले. मानेखालून खांद्याच्या फऱ्यापर्यंत एक वीतभर पांढरा डाग. मी ओतायची थांबले. तिला कळलं. "मागं काय हाय ते बगू नका," ती शिकेकाईच्या फेसातून हसत म्हणाली. एवढंच. मी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. मी विचारलं नाही. विचारल्यावर वाक्याचा जीव जातो, असं मी तेव्हा मानायची.

ते वाक्य मी शिरूरच्या खोलीत, भर दुपारी, खिडकीपाशी बसून लिहिलं. "नांगरून ठेवलेल्या काळ्या रानात ऊन एकाच वाफ्यावर उतरावं, तसा तिच्या सावळ्या पाठीवर तो पांढरा डाग होता." मोठ्यानं वाचून पाहिलं. छान होतं, पण शेवटाला आपटत होतं. 'डाग होता' म्हटलं की संपलंच. पुढं काहीतरी हवं होतं, लय जरा लांबवणारं. बडीशेप चघळत मी पुढं लिहिलं, "आणि दरसाल एकेक सरी तो पुढं सरकत होता." पुन्हा वाचलं. अहाहा! हात झडले नाहीत माझे, मी तेव्हा स्वतःलाच दाद दिली. आबांचं नाव बदललं, मंगलचं बदललं, गाव गाळलं. माझ्या हिशेबी सगळं सोवळ्यात होतं.

लेख आला आणि पुण्याहून पत्रांचा ढीग आला. त्या डागाच्या वाक्याचं सगळ्यांनी कौतुक केलं. एका प्राध्यापकांनी लिहिलं की या एका वाक्यात ग्रामीण स्त्रीचं अवघं प्राक्तन आहे. मी ते पत्र स्टाफरूममध्ये विसरल्यासारखं करून टेबलावर ठेवलं.

पंधरा दिवसांनी आबा कॉलेजच्या फाटकाशी उभे होते. आत येईनात. मीच बाहेर गेले. त्यांना वाचता येत नव्हतं. कुणीतरी वाचून दाखवलं होतं.

"दौंडकरांनी निरोप धाडलाय बाई. सुपारी मोडली. पोरीला कोड हाय, आन् ते आमी लपवलं म्हनत्यात."

"कोड?" मी म्हटलं. "पण आबा, मी नाव बदललं होतं."

"नावाला कोन इचारतंय? कान लिव्हलाय तुमी माझा." त्यांनी फाटक्या पाळीला हात लावला. "ह्यो कान शिरूरपासनं दौंडापतूर समद्यास्नी ठाव हाय. कान माझा, तर पोरगी कुनाची?"

मग त्यांनी सांगितलं. मंगल तीन वर्षांची असताना चुलीवरचा उकळत्या पाण्याचा हंडा कलंडला होता. पाठ सोलवटून निघाली होती. दोन महिने पालथं झोपवलं होतं तिला. मुलाकडच्यांना भाजल्याचं आधीच सांगितलं होतं, त्यांनी मनावरही घेतलं नव्हतं. "पन आता म्हनत्यात, भाजल्याला डाग सरकत न्हाई, कोड सरकतं." आबांचा आवाज एकदाही चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "तुमी लिव्हलं, तुमीच जाऊन सांगा बाई. तुमचं ऐकत्याल ते."

दुसऱ्याच दिवशी मी दौंडला गेले. स्टेशनामागं दोन खोल्यांचं घर, दारात तुळस, आत खरंच नळ. मुलाच्या वडिलांना सगळे आप्पा म्हणत. जन्मभर यार्डात रुळांचे सांधे बदलण्याचं काम केलेला माणूस. बारीक, स्वच्छ, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. माझं नाव सांगितल्यावर ते ताडकन उठून उभेच राहिले. "तुमी? आमच्या घरी?" आणि कपाटातून एक जाड वही काढली. पुण्याहून येणाऱ्या शटलमध्ये लोक वाचून झालेले अंक टाकून जात. त्यांतून आप्पा माझं सदर कापून ठेवायचे. चार वर्षांचे लेख, खळीनं चिकटवलेले, खाली हातानं लिहिलेली तारीख. माझ्याकडंसुद्धा ते सगळे नव्हते.

"ह्यो कंडक्टर," ते म्हणाले, "मी वळखतो त्याला. तस्साच ओठ चावतो. येक अक्षर इकडचं तिकडं न्हाई." मग त्यांनी वही मिटली आणि डोळेही मिटले, आणि ते वाक्य म्हटलं. पाठ होतं त्यांना. काळ्या रानापासून सरीपर्यंत, माझ्या मनातल्या लयीत, जिथं मी थांबले असते तिथंच थांबत. पुण्याच्या एकाही शहाण्यानं माझं वाक्य कधी असं म्हटलं नव्हतं. ज्या पोरीचं लग्न वाचवायला मी गेले होते, तिच्या पाठीवरचं ते वाक्य ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

"आप्पा," मी म्हटलं, "तो डाग भाजल्याचा आहे. कोड नाही. लहानपणी हंडा सांडला अंगावर."

"तुमी डोळ्यांनी बगितला?"

"बघितला."

त्यांनी वही पुन्हा उघडली आणि शेवटच्या चार-पाच शब्दांखाली बोट ठेवलं. "मग हे सरकतोय म्हनून लिव्हलंय, ते? वाफेनं भाजल्याली मानसं मी यार्डात बगितल्यात, बाई. डाग असतो तितंच ऱ्हातो, मरंपतूर. तवा येवढंच सांगा. हे शेवटचं खोटं हाय का? तुमी खोटं म्हनला, की मी आत्ता उठतो आन् नारळ घिऊन शिरूरकडं जातो. पोरगी आमास्नी आवडलीया."

किती सोपं करून दिलं होतं त्यांनी! एक शब्द. वहीची मागची पानं पंख्याच्या वाऱ्यानं फडफडत होती. चार वर्षं. एक अक्षर इकडचं तिकडं नाही असं मानणारा, पृथ्वीतलावरचा माझा एकमेव सच्चा वाचक माझ्या तोंडाकडं बघत होता. खोटं म्हटलं असतं तर त्या सगळ्या वहीचं काय झालं असतं? कंडक्टरच्या ओठाचं? माझं?

"मला तसं दिसलं, आप्पा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "बास. तुमी बगितल्याबिगर लिव्हनार न्हाई." मग मला चहा दिला, निघताना पाया पडले. वयानं वडील होते ते माझ्या. मी पडू दिलं.

आबांना मी सांगितलं, "खूप समजावलं. ऐकत नाहीत ते." आबा म्हणाले, "तुमी गेलात तरी. कोन जातं?"

नंतर तालुक्यात बोभाटा झाला आणि मंगलची पाठ गावकीची झाली. कुणीही बघायला आलं की पुरुष ओसरीवर चहा प्यायचे आणि बायका तिला घरामागं न्यायच्या. एकदा आबांनी मलाही मुद्दाम बोलावलं, शिकलेली बाई साक्षीला हवी म्हणून. त्याच पोत्यांच्या आडोशात, लख्ख उन्हात, दोन बायकांनी तिची चोळी खांद्यावरून उतरवली. एकीनं बोटाला थुंकी लावून डाग चोळला. दुसरीनं पदराची पिन काढून मधोमध टोचली आणि विचारलं, "दुखतं का गं?"

"टोचल्यावं दुखनारच की," मंगल म्हणाली.

मी मान वळवून नदीकडं बघत होते. तिनं खांद्यावरून मागं पाहिलं. "बाई, तुमी का तिकडं बगताय? या की फुडं. तुमास्नी काय नवं हाय?"

त्या बायका हसल्या. त्यांना वाटलं, पोरगी गमतीची आहे. तरी त्यांनी नकारच कळवला.

माझं पुस्तक त्यानंतर दोन वर्षांनी निघालं. प्रुफं आली तेव्हा हातात लाल पेन होतं आणि ते वाक्य समोर होतं. शेवटचे शब्द खोडून पाहिले. परिच्छेद लुळा पडला. मी ते शब्द पुन्हा घातले. आजही हुरड्याच्या तंबूत लोक मला नेमकं तेच म्हणून दाखवतात. असल्या बाईला काय म्हणावं, ते तुम्हीच ठरवा. मला शब्द सुचतात, म्हणून मी ठरवत नाही.

मंगलचं लग्न त्याच वैशाखात झालं. पाटसकडचा बिजवर, दोन लेकरांचा बाप, चाळिशीचा. त्याच्या घरच्यांनी पाठ बघितली नाही. त्यांना लेकरांना सांभाळणारी हवी होती. मी गेले. जाताना एसटीत मनाशी पक्कं केलं होतं, की आज आबांना दौंडचं सगळं सांगायचं. दारात मांडव, उन्हानं कनाती तापलेल्या, पत्रावळींवर भात. आबा पाहुण्यांत होते, म्हणून मी आधी मंगलकडं गेले. हळद लागलेली, हिरवा चुडा, डोक्यावर पदर. मी तिची ओटी भरली. तिनं माझा हात धरून मला खाली वाकवलं.

"दौंडच्या आप्पांनी मधल्या मानसाला समदं सांगितलं," ती हळूच म्हणाली. "तुमी थितं काय बोलला ते. मला कवाच कळलंय."

मी तिच्या ओटीतला घसरलेला नारळ सावरला.

"आबास्नी ठाव न्हाई. मी सांगितलं न्हाई. आन् तुमीबी सांगायचं न्हाई. सांगायला आलाय, तोंडावरनं दिसतंय तुमच्या. सांगून तुमी मोकळ्या व्हाल, जाल शिरूरला. त्यास्नी वाटतंय, येक तरी शिकल्यालं मानूस आपल्या पोरीसाठी दौंडापतूर गेलं, भांडलं. तेवढंच उरलंय त्यांच्यापाशी. ते काढून घिऊ नका."

तेवढ्यात आबा आले. हातावर हिरवं इरकली लुगडं, वर खण आणि नारळ. मला चारचौघांच्या मध्ये उभं केलं आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्या आमच्या बाई. माझ्या पोरीसाठी परक्याच्या दारात गेल्या."

मंगल माझ्याकडं बघत होती. मी पदर पुढं केला.